नागराज मास्तरांची लाइन एंगेज

३ मे २००४, सोमवार
आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं. घरात काहीतरी चाललं आहे आणि ते मला सोडून सगळ्यांना माहीत आहे. पुरावा अजून नाही. शाळेला सुट्टी लागली आहे, पुरावा शोधायला वेळच वेळ.

पहिला संशय कॉम्प्युटरवर. मुलगा रविकुमार पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कंपनीत आहे. त्याने दिवाळीला हा डबा आणला. जुना आहे, बटण दाबलं की दाबलेलंच राहतं. विंडोज नाही, लिनक्स आहे. म्हणाला, अप्पा, यात व्हायरस येत न्हाई. आणि फुकट हाय. मी तेव्हाच सावध झालो. फुकट मिळणाऱ्या वस्तूत बाहेरून काही यायची गरजच काय? आधीच आत बसलेलं असणार.

म्हणून आज खुर्ची घेऊन समोर बसलो आणि तो सुरू होताना नीट बघितलं. काळ्या पडद्यावर एकेकाचं नाव येतं, पुढे हिरव्या अक्षरात ओके. सरळ हजेरी आहे. सव्वीस वर्षं गणित शिकवलं, हजेरी मला कळते. नावं पटापट चालली होती आणि मध्येच सगळी गाडी थांबली. ईटीएच-झिरो म्हणून कोणी आहे. त्याच्या नावाशी मिनिटभर सगळे ताटकळले आणि शेवटी लाल अक्षरात फेल.

रोज गैरहजर राहतो आणि रोज त्याचं नाव पुकारतात. याला पाठीशी घालणारं कोण?

४ मे, मंगळवार
प्रकरण निकालात काढलं.

रूटचा पासवर्ड फक्त माझ्याकडे आहे. रूट म्हणजे कॉम्प्युटरचा हेडमास्तर. शाळेत मला डावलून कोणाला हेडमास्तर केलं ते इथे लिहीत नाही, पण या डब्यात तरी न्याय झाला. पासवर्ड देताना रविकुमार म्हणाला होता, गरज पडली तरच वापरा, आणि आधी मला विचारा. पहिला भाग लक्षात ठेवला.

नेटवर्कची खिडकी उघडली. दोघांची नावं आहेत. पहिला हा ईटीएच-झिरो. ही एक पट्टी आहे, डब्यात मागे बसवलेली. हिला वायर लागते आणि वायर आपल्या घरात नाही. कधीतरी उपयोगी पडेल म्हणून रविकुमारने बसवली. दुसरा पीपीपी-झिरो. हा मोडेम, टेलिफोनच्या लाइनवरून नंबर फिरवतो आणि इंटरनेट आणतो. प्रत्येकाच्या नावापुढे एक चौकोन. त्यात टिक असेल तर कॉम्प्युटर उठताना यानेही आपोआप उठायचं. टिक नसेल तर कोणी बोलावेल तेव्हाच.

आणि टिक कोणाला होती? बिनकामाच्या ईटीएचला! काम करणाऱ्या पीपीपीची पाटी कोरी. ही पद्धत मी ओळखतो. हीच पद्धत आमच्या संस्थेत आहे.

ईटीएचची टिक काढली. पीपीपीला दिली. आणखी एका ठिकाणी लिहिलं होतं की दहा मिनिटं काम नसेल तर पीपीपीने लाइन सोडून द्यावी. दहा मिनिटांत पळ काढायची सवलत कशासाठी? काढून टाकली. लाइन तुटली तर स्वतःहून पुन्हा जोडावी, असाही एक चौकोन होता. तिथे टिक केली. शिस्त म्हणजे शिस्त.

पुन्हा सुरू केला. वरपासून खालपर्यंत हिरवं. ओके, ओके, ओके. डोळ्यांत पाणी आलं म्हटलं तरी चालेल. या घरात मला एवढ्या वेळा ओके कोणी म्हटलेलं नाही.

बायकोला, भाग्यलक्ष्मीला, बोलावून दाखवलं. ती म्हणाली, कामून त्या डब्याच्या मागं लागलाव, माळवदावर पापड घातलेत, कावळे हाकलायला तरी जावा.

सायंकाळ. आणखी एक निर्णय. डबा बंद करायचाच नाही. बंद असला की कोण कधी चालू करतं ते कळत नाही. आता बटण कायम दाबलेलं. करंट गेला तर बंद पडेल आणि करंट आला की आपोआप उठून हजेरी घेईल. फक्त टीव्हीसारखा तो पडदा बंद ठेवायचा. त्यावर भाग्यलक्ष्मीने विणलेलं कव्हर आहेच. कूलरच्या आवाजात डबा चालू आहे हे कोणाला कळणारसुद्धा नाही. मोडेम पूर्वी नंबर लावताना किंचाळायचा, भाग्यलक्ष्मी दचकायची म्हणून रविकुमारने आवाज बंदच करून टाकलाय. उत्तम. पहारा असा गुपचूप असावा.

५ मे, बुधवार
मुलगी मंगल सकाळच्या गाडीने पुण्याहून भालकीला परत आली. मुलाखत चांगली झाली म्हणते. बिदरला नर्सिंगची तीन वर्षं काढली, निकालही चांगला. दवाखाना मोठा आहे. निवड झाली तर ते फोन करणार. फोनवर लगेच हो म्हणायचं आणि आठवड्यात हजर व्हायचं. फोन लागला नाही किंवा हो म्हटलं नाही, तर यादीतल्या पुढच्या मुलीला जागा.

तिला म्हटलं, काळजी करू नकोस. गल्लीत फोन कोणाकडे आहे? आपल्याकडे. चार घरांनी आपलाच नंबर पीपी म्हणून, म्हणजे शेजाऱ्याचा निरोपाचा नंबर म्हणून, नातेवाइकांना दिलेला. शेजारच्या सरुबाईचा मुलगा हैदराबादेत लॉरी चालवतो, त्याचासुद्धा फोन आपल्याच घरी येतो आणि मी स्वतः भिंतीवरून हाक मारतो. असा फोन असताना तुला कोण शोधू शकणार नाही?

मंगल म्हणाली, व्हय अप्पा. पोरगी समजूतदार आहे. तरी ती इतकी लगेच हो का म्हणाली, ते बघावं लागेल.

७ मे, शुक्रवार
सरुबाई आली होती. हैदराबादहून मुलाने दुसऱ्या एकाकडून निरोप पाठवला म्हणे. मास्तर, पोरगा म्हणायलाय तुमचा फोन लागतच न्हाई, कवा बी लावा, टुंक टुंक टुंक. कुणाशी एवढं बोलायलाव?

मी म्हटलं, या घरात कोणी कोणाशी बोलत नाही.

ती गेल्यावर मनात आलं. फोन एंगेज आहे याचा अर्थ कोणीतरी बोलतंय. मी बोलत नाही. भाग्यलक्ष्मी फोनला हात लावत नाही, तिला तो गरम लागतो. राहिली मंगल.

८ मे, शनिवार. सकाळ.
रिसीव्हर उचलला. टोन नाही. आत खर्रर्र, खर्रर्र. घशात कफ झालेला माणूस श्वास घेतो तशी.

दबा धरून ऐकत राहिलो. मग एकदम ओरडलो, कोण आहे? खरखर तिथल्या तिथे थांबली!

म्हणजे ऐकत होता. आणि मराठी समजणारा आहे.

दुपार. पुन्हा प्रयोग केला. रिसीव्हर ठेवला, पाणी प्यालो, परत उचलला. या वेळी टुक टुक टुक करून नंबर फिरत होता! मी बोटसुद्धा लावलं नव्हतं. माझ्या घरात, माझ्या फोनवरून, दुसराच कोणी नंबर लावतोय. सव्वीस वर्षांच्या नोकरीत एवढं धाडस पाहिलं नाही.

भाग्यलक्ष्मीला बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, त्या डब्याचं तर काई नसंल? मी हसलो. डबा माझ्या ताब्यात आहे, त्यात आता एकही गैरहजर नाही, एकही आगाऊ नाही. बायकांना कारण नेहमी जवळचं दिसतं.

९ मे, रविवार
बसून विचार केला. फायदा कोणाचा?

बसस्टँडच्या कोपऱ्यावर गुरुशांतप्पाचा एसटीडी बूथ आहे. पिवळा बोर्ड, काचेची केबिन, बाहेर बाकडं. आपला फोन बिघडला की गल्ली कुठे जाणार? गुरुशांतप्पाकडे. गेल्या महिन्यात तो मला हसून म्हणाला होता, मास्तर, तुमच्यामुळं आमचं गिऱ्हाईक कमी हाय. तेव्हा मला वाटलं मान देतोय. ती धमकी होती.

एक्सचेंजमध्ये उद्या तक्रार. लेखी. इंग्रजीत.

१० मे, सोमवार
सकाळी तक्रार दिली आणि लगेच लाइनमन व्यंकट येऊन गेला. सकाळी दहाला करंट जातो तो दुपारी येतो, त्या उकाड्यात बिचारा आला. रिसीव्हर कानाला लावला. स्वच्छ टोन! त्याने एक्सचेंजला फोन लावला, लागला. तिकडून फोन आला, वाजला. बघायला जमलेले दोघे तिघे हसले.

मी म्हटलं, लाइनवर माणूस आहे. व्यंकट म्हणाला, सर, तुम्ही, मी आन एक्सचेंजचा बाबू, एवढेच हाव. म्हटलं, तो आता लपलाय. व्यंकटने मंगलकडे पाहिलं, मंगलने भिंतीकडे.

चहा न पिताच गेला. दुपारी करंट आला. काही वेळाने सहज रिसीव्हर उचलला. खर्रर्र.

लाइनमन आला की तो गप्प, लाइनमन गेला की हजर. याला आतून खबर मिळते. संध्याकाळी बसस्टँडवर चक्कर मारली. गुरुशांतप्पाच्या बाकड्यावर बसून चहा पीत होता तो कोण? व्यंकट. आणखी काय पाहिजे.

११ मे, मंगळवार
मंगल दिवसभर फोनच्या आसपास. भाजी निवडायलाही तिथेच बसते. मी खोलीत गेलो की रिसीव्हरकडे बघते आणि मग माझ्याकडे. कोणाच्या फोनची वाट बघते, हे विचारलं. दवाखान्याच्या, म्हणाली. मुलाखत संपून आठवडा झाला, तिच्या बरोबरच्या एकीला फोन आलासुद्धा. बिदरची मैत्रीण आहे, तिने पत्र टाकलं.

दवाखानाच खोटा असेल का? पण बोर्ड मोठा होता म्हणते. लिफ्टही होती.

१२ मे, बुधवार
सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली. फोन आत, बटणं झाकलेली, वर कुलूप. किल्ली माझ्या बनियनच्या खिशात. आता माझ्या घरातून कोणी नंबर लावून दाखवावाच.

मंगलने एवढंच विचारलं, अप्पा, त्यांचा फोन आला तर उचलता तरी येतंय का? मी दाखवलं, रिसीव्हर बाहेर आहे, येणाऱ्याला मनाई नाही. ती उठली. आत जाऊन आईजवळ बसली. भाग्यलक्ष्मीने स्वयंपाकघरातून मोठ्याने भांडं ठेवलं.

आमच्या मूळ गावी, चिंताकीला, माझ्या वडिलांकडे मेंढरं होती. मेंढवाड्याच्या तोंडाशी उभे राहून ते एकेक मेंढरू बाहेर सोडायचे, अंगावर हात ठेवून. कोण आधी, कोण नंतर, कोण आजचा दिवस आतच, ते त्यांच्या हातात होतं. मेंढरांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. घर चालवणं म्हणजे तेच आहे, पण ते घराला समजावून कोण सांगणार?

१३ मे, गुरुवार
पेटीला कुलूप असताना आत नंबर फिरतोय. कान लावून ऐकलं. टुक टुक टुक.

हा माणूस नाही. मशीन लावलंय. गुरुशांतप्पाकडे परदेशी मशीन असणार.

संकल्प: उद्यापासून फोनजवळून हलायचं नाही. जेवणसुद्धा तिथेच.

१४ मे, शुक्रवार
खुर्चीवर बसून राहिलो. फोन वाजला नाही. करंट गेल्यावर एकदा वाजला. झडप घालून उचलला तर सरुबाईचा हैदराबादचा मुलगा. आईला हाक मारली. ती भिंतीपलीकडून म्हणाली, ऱ्हाऊ द्या मास्तर, आज संध्याकाळी त्याला बूथवरच लावायला सांगितलंय.

बूथवरच. म्हणजे सुरुवात झाली.

दुपारी मंगल आणि सरुबाई छत्री घेऊन बाहेर गेल्या. मला वाटलं चक्कीवर. थोडं अंतर ठेवून मागे गेलो. बूथ! मंगल काचेच्या आत उभी राहून फोनवर बोलत होती. हसली नाही, रडली नाही, मान हलवत व्हय सर, व्हय सर म्हणत होती आणि गुरुशांतप्पा बाहेर उभा राहून पुठ्ठ्याने वारा घेत होता, जसं काही त्याला त्यातलं काहीच माहीत नाही.

पुरावा मिळाला. आता तो कशाचा आहे, हे ठरवायचं.

रात्री जेवताना सहज बोललो, काही लोकांना घरात फोन असताना बाहेर जावं लागतं, आश्चर्य आहे. मंगल म्हणाली, अप्पा, घरच्या फोनला कुलूप हाय. उत्तर तयारच होतं. म्हणजे पाठ करून आली होती.

भाग्यलक्ष्मी म्हणाली, पोरीचं नशीब त्या पेटीत घालून बसलाव तुम्ही. मला हे फार लागलं. मी पेटीत फोन घातलाय, नशीब नाही.

१५ मे, शनिवार
भाग्यलक्ष्मीला विचारलं, मंगल कोणाशी बोलत होती. ती म्हणाली, तिला विचारा. मंगलला विचारायचं धाडस झालं नाही, हे फक्त इथे लिहितो. ती खरं सांगेल अशी भीती वाटली.

१७ मे, सोमवार
आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

दुपारची वेळ. करंट आला होता, कूलर चालू. मी खुर्चीवर फोनजवळ. गल्लीत पळत येणाऱ्या चपलांचा आवाज. बघतो तर गुरुशांतप्पा. एवढं पोट घेऊन, बनियनवर, डोक्याला रुमाल. दारातूनच ओरडला, मंगलक्का!

मी दारात आडवा उभा राहिलो. या क्षणाची मला वाटच होती. म्हटलं, आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे. व्यंकटला किती दिवस चहा पाजतोयस? मशीन कुठे लावलंस? माझ्या लाइनवर कोण बसवलाय?

गुरुशांतप्पा धापा टाकत म्हणाला, मास्तर, भांडायचं ते नंतर भांडू, मी कुठं पळून चाललो न्हाई. पुण्याचा दवाखाना हाय फोनवर. दहा मिनिटात परत लावतो म्हणलेत. पोरीला सोडा.

मी म्हटलं, दवाखान्याकडे माझा नंबर आहे. तुझ्याकडे कशाला लावतील?

तो म्हणाला, मास्तर, ते म्हणायलेत तुमचा नंबर तीन दिवस संध्याकाळी लावला, एंगेजच. पोरीनं शुक्रवारी स्वतः फोन करून माझा नंबर दिला पीपी म्हणून, तवा लागला.

मी पुढचा प्रश्न तयार करत होतो. तेवढ्यात माझ्या काखेखालून मंगल बाहेर. पायात चप्पल नाही, हाताला पीठ. उन्हात डांबर तापलेलं. मी मागून म्हटलं, अगं चप्पल! ती वळली नाही. भाग्यलक्ष्मी तिची चप्पल हातात घेऊन मागोमाग धावली. सरुबाई भिंतीवरून बघत होती, तीही धावली. गुरुशांतप्पा सगळ्यांच्या मागे, पोट सांभाळत.

मी घरीच थांबलो. समजा त्यांनी घरच्या नंबरवर लावला तर?

नाही लावला.

परत आल्या तेव्हा मंगल रडत होती आणि हसत होती. जागा मिळाली. पुढच्या सोमवारपर्यंत हजर व्हायचं. तिने माझ्या पाया पडून सांगितलं. मी डोक्यावर हात ठेवला.  मला आनंद झाला होता, फार झाला होता, आणि त्याच्याबरोबर आणखी काहीतरी होतं, ते गिळलं. तिच्या तळपायाला फोड आले होते.

१८ मे, मंगळवार
राग येतोय. कोणावर, ते ठरत नाही. एकेकाचं नाव घेऊन बघितलं. व्यंकट, नाही. गुरुशांतप्पा, त्याच्यावर होता पण कालपासून बसत नाही. माणूस उन्हात पळत आला. मग दवाखाना. त्यांनी चौथ्या दिवशीही घरी लावून बघायला काय हरकत होती?

१९ मे, बुधवार
रविकुमारला मंगलची बातमी द्यायची होती. घरच्या लाइनवर तो खरखऱ्या, म्हणून बूथवर गेलो. गुरुशांतप्पाने बाकडं पुसून दिलं. मी सहज बसलो.

बातमी दिली. मग लाइनवरच्या माणसाचं सगळं सांगितलं. रविकुमारने विचारलं, करंट गेल्यावर फोन नीट असतो का? हो. करंट आला की खरखर? हो. कॉम्प्युटर बंद करताव का? नाही, चोवीस तास चालू, मी काय खुळा आहे? मग त्याने विचारलं, अप्पा, नेटवर्कच्या खिडकीत पीपीपीला टिक कुणी केलंय?

मी म्हटलं, योग्य माणसाने केली आहे.

तो हसायला लागला. खूप वेळ हसला. बूथचं मीटर फिरत होतं. मग त्याने सांगितलं. कॉम्प्युटर उठला की पीपीपी आपोआप उठतो आणि टेलिफोन लाइन धरून बसतो. सोडायला सांगणारं कोणी नाही, कारण ते मीच काढलं. रिसीव्हर उचलला की तुटतो, ठेवला की परत स्वतः नंबर फिरवतो. दिवसभर फोन एंगेज. म्हणाला, ईटीएचचं काढलात ते चांगलं केलाव, अप्पा, ते तसं बी काढायचंच होतं. पीपीपीला टिक करायचं नसतंय. त्याला आपण बोलावू तवाच यायचं असतंय.

ऐकून घेतलं. इथे एक तांत्रिक मुद्दा नोंदवून ठेवतो. टिक मीच केली हे खरं आहे. पण टिक करावी लागेल अशी परिस्थिती कोणी निर्माण केली? काम करणाऱ्याची पाटी कोरी कोणी ठेवली होती? मूळ दोष तिथे आहे. रविकुमारला हे सांगितलं. तो म्हणाला, व्हय अप्पा. मुलं लगेच हो म्हणतात.

केबिनबाहेर आलो तर गुरुशांतप्पा गालातल्या गालात हसत होता. काच पातळ आहे.

२० मे, गुरुवार
टिक काढली. पेटीही काढली. मंगलने तिच्यात बांगड्या ठेवायला मागितली, पुण्याला नेते म्हणाली. दिली. कुलूपही दिलं, किल्लीसकट.

आता डबा उठतो, सगळे हिरवे, पीपीपी गप्प, ईटीएच गप्प. रिसीव्हर उचलला, टोन. लांब, गोल, स्वच्छ टोन. कितीतरी वेळ ऐकत उभा होतो.

सरुबाईला भिंतीवरून सांगितलं, फोन एकदम बरोबर झाला, मुलाला सांगा. ती म्हणाली, बरं झालं बघा मास्तर. आणि मग म्हणाली, आता त्याला बूथची सवय झालीय, तिथं बसायला बाकडं बी हाय.

२३ मे, रविवार
मंगल गेली. संध्याकाळची पुण्याची गाडी. एक ट्रंक, एक पिशवी, पापडाचा डबा. उद्या सकाळी हजर व्हायचं.

स्टँडवर सगळी गल्ली. व्यंकटही आला होता, मला बघून सर म्हणाला आणि लांब उभा राहिला. गुरुशांतप्पाने मंगलला बिस्किटाचा पुडा दिला, कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला, ती हसली.

मी खिडकीशी उभा राहून सांगितलं, पोहोचल्याबरोबर फोन कर. घरी. आता लागतो. नंबर लिहून देऊ का? ती म्हणाली, पाठ हाय अप्पा. गाडी हलली तेव्हा मी हात वर केला आणि खाली घ्यायचा विसरलो.

घरी आल्यावर आधी रिसीव्हर उचलून टोन बघितला.

२४ मे, सोमवार
पोहोचल्याचा फोन आला. बूथवर. गुरुशांतप्पाने निरोप पाठवला, ठीक पोहोचली, हॉस्टेलात जागा मिळाली.

घरी का नाही केला? कदाचित पुण्याहून भालकीच्या लाइनी भरलेल्या असतील. पण मग बूथचीच कशी मोकळी? यात बघण्यासारखं काहीतरी आहे.

३० मे, रविवार
दर रविवारी संध्याकाळी मंगलचा फोन, असं ठरलंय म्हणे. मला कोणी विचारलं नाही. भाग्यलक्ष्मी साडी बदलून सरुबाईबरोबर बूथवर गेली. मी गेलो नाही. म्हटलं, घरी थांबतो, आज ती घरीच करील, तुम्ही उगाच हेलपाटा मारताय.

खुर्चीवर बसलो. कूलर बंद ठेवला, रिंग ऐकू यावी म्हणून. घामाने बनियन भिजलं. दोनदा रिसीव्हर उचलून बघितला, टोन आहे का. मग लक्षात आलं, मी उचलला की तेवढा वेळ एंगेज लागणार. परत उचलला नाही.

भाग्यलक्ष्मी अंधार पडल्यावर आली. चेहरा उजळलेला. जेवण सपक हाय म्हणायलीय. वॉर्डात बायका चांगल्या हायत. आन तुमची चौकशी केली, अप्पा कसे हायत, जेवतात का नीट.

म्हटलं, मग माझ्याशी बोलायला घरी नाही लावता आला?

भाग्यलक्ष्मी साडीची घडी घालत म्हणाली, तिला वाटलं तुमचा फोन लागत न्हाई.

६ जून, रविवार
शाळा सुरू झाली. आज मीही बूथवर गेलो. भाग्यलक्ष्मीने शर्टाला इस्त्री करून दिली, विचारलंसुद्धा नाही कुठे निघालाव. बाकड्यावर सरुबाई, आणखी दोन घरं. सगळे आपापल्या फोनची वाट बघत होते. एके काळी हे सगळे माझ्या पडवीत बसायचे.

फोन वाजला. भाग्यलक्ष्मी आधी बोलली, खूप बोलली. मग मला दिला. मंगलचा आवाज एकदम जवळ होता. पगार, रात्रपाळी, पाय बरे झालेत, सगळं सांगितलं. मग मी म्हटलं, बेटा, घरचा फोन बरोबर झालाय. पूर्ण बरोबर. दिवसभर मोकळा असतो. तिथे करत जा.

ती म्हणाली, व्हय अप्पा, पण हितं एका दमात लागतंय. माझ्या मागं पोरी रांगेत उभ्या ऱ्हातात, पुन्हा पुन्हा लावायला मिळत न्हाई.

म्हटलं, एका दमात लागेल. शब्द देतो.

ती म्हणाली, बरं अप्पा, बघते.

बघते, हा शब्द मी स्वतः सव्वीस वर्षं पालकांना म्हणत आलोय. त्याचा अर्थ मला माहीत आहे. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. गुरुशांतप्पाने चहा मागवला होता, तो पिऊन निघालो.

९ जून, बुधवार. सायंकाळ.
फोन वाजला! शाळेतून येऊन पाय धूत होतो, तसाच ओल्या पायाने धावलो, पडता पडता वाचलो. पहिल्या तीन रिंगमध्ये उचलला.

राँग नंबर. उदगीरहून कोणी होता, त्याला खताचं दुकान पाहिजे होतं. म्हटलं, थांबा, ठेवू नका. नंबर कोणता लावलात, विचारलं. एका दमात लागला का, विचारलं. व्हय, लगेच लागला, म्हणाला. आवाज स्वच्छ येतोय का? येतोय. खरखर नाही ना? न्हाई. खत कोणत्या पिकाला पाहिजे, तेही विचारलं. मग त्याच्याकडे पाऊस कसा आहे, मुलं किती, कुठे असतात. दोघं पुण्याला आहेत म्हणाला.

माणूस चांगला होता. शेवटी त्यानेच ठेवला.